सकाळचं खरं की दुपारचं

माइक प्रियदर्शिनीच्या हातात गेला तशी राजश्रीने पदर सारखा करायचं निमित्त काढून मान खाली घातली.

बोरवाडीच्या विहारात मे महिन्यात गुणगौरव असतो. मुंबई-पुण्याची मंडळी सुट्टीला आलेली असतात, दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, आणि मंडळाचे अध्यक्ष म्हणून आबा कुणाला तरी मुलांना मार्गदर्शन करायला उभं करतात. यंदा त्यांनी पुण्याच्या कंपनीत असलेल्या धाकट्या सुनेला, प्रियदर्शिनीला उभं केलं होतं. थोरल्या सुनेला त्यांनी विचारलंही नव्हतं. राजश्री महाडला कॉम्प्युटर क्लास चालवते, वाडीतल्या निम्म्या पोरांना माऊस धरायला तिने शिकवलं, हे काय आबांना ठाऊक नव्हतं? पण पुण्याची कंपनी ती पुण्याची कंपनी. तिच्यापुढे महाडच्या गल्लीला कोण विचारतो!

"कॉम्प्युटरच्या क्षेत्रात जायचंय असं किती जणांना वाटतं?" प्रियदर्शिनीने विचारलं.

सगळ्यांच्या आधी हात वर गेला तो पहिल्या रांगेतल्या अनुष्काचा. राजश्रीची एकुलती एक लेक. दहावीला तालुक्यात नाव काढलेली. ती काकीकडे अशी बघत होती की शेजारणीने तिच्या ओढणीवर पाणी सांडलं असतं तरी तिला कळलं नसतं. ही नजर राजश्रीच्या ओळखीची होती. लहानपणी क्लासात मागच्या बाकावर बसून अनुष्का आईकडे अशीच बघायची. ती नजर नेमकी कधी तिकडे वळली, ते काही राजश्रीला सांगता आलं नसतं.

"दहावीनंतर दोन वाटा आहेत," प्रियदर्शिनी सांगत होती. "एक म्हणजे अकरावी-बारावी सायन्स, मग सीईटी, मग इंजिनीअरिंग. दुसरी म्हणजे दहावीनंतर लगेच डिप्लोमा. तो झाला की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. सरकारी तंत्रनिकेतन पुण्याला आहे, रत्नागिरीलाही आहे, तिथे होस्टेल आहे. आणि आयटी म्हणजे नुसतं कोडिंग असं समजू नका. नेटवर्क आहे, सुरक्षा आहे, डेटाचं काम आहे. मी टेस्टिंग करते. म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या गोष्टीतल्या चुका शोधते."

"त्यात ती पहिल्यापासून पटाईत," राजश्री शेजारच्या बाईच्या कानाशी लागली. बाई तोंडावर पदर घेऊन हसली.

"गणित सोडू नका. इंग्रजी बोलता नाही आलं तरी वाचता आलंच पाहिजे. आणि स्वतःच्या डोक्याने काहीतरी बनवा, चुकलं तरी चालेल. एआय आलं म्हणून आता नोकऱ्या संपल्या, असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. ज्याला विचार करून काही बनवता येतं, त्याला काम मिळतंच." प्रियदर्शिनी जरा थांबली. भाषण छान रंगलं होतं आणि ते तिला कळत होतं. रंगलेल्या भाषणात माणूस एक वाक्य जास्तीचं बोलतो, तसं ती बोलली. "आणि शेवटचं. गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासात वर्ष घालवू नका. तिथे सर्टिफिकेट मिळतं, पण काम करता येत नाही."

टाळ्या पडल्या. पहिली टाळी अनुष्काची होती.

मग कुठे तिच्या लक्षात आलं आणि तिचे हात थांबले. तोवर विहारातल्या बायका एकेक करून राजश्रीकडे वळून बघायला लागल्या होत्या. गल्लीतला क्लास म्हटल्यावर बोरवाडीच्या डोळ्यांपुढे दुसरा कुठला येणार? राजश्रीनेही टाळ्या वाजवल्या, चांगल्या जोरात. तिला रडू येत होतं आणि ते कुणाला दिसायला नको होतं.

बाहेर चपला शोधताना सुंदराबाईने तिला गाठलं.

"राजश्री, आमच्या नातवाचा नाव काढ गो क्लासातना. जूनपासना येनार व्हता न् तो. रागावू नको हां. पन तुझी जावच सांगते म्हंजे काय खोटा आसल?"

"नाय गो काकी, खोटं कशाला आसल?"

"आनि तुझी पोर पुन्याला चालली म्हनं काकीकडं? नशीब काढलंन गो पोरीनं!"

"हां, काढलंन," राजश्री म्हणाली आणि सापडत नव्हती ती एक चप्पल पायानेच ओढून घेतली.

अनुष्काने पुण्याला काका-काकींकडे राहून डिप्लोमा करायचा, हे आबांनी निकालाच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. या घराची रीतच ती. आबा स्वतः मुंबईला चुलत्याच्या खोलीत राहून शिकले. सुशांत, त्यांचा धाकटा, आत्याकडे राहून शिकला. शहरातल्या घराने गावचं एक मूल सांभाळायचं. आता शहरातलं घर प्रियदर्शिनीचं होतं. राजश्रीला नाही म्हणता येत नव्हतं, आणि हो म्हणताना जीभ जड होत होती.

घरी चुलीवर कोंबडीचा रस्सा रटरटत होता. राजश्री तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसली. प्रियदर्शिनी दारात येऊन उभी राहिली.

"ताई, मी करू का थोड्या?"

"नको. तुझ्याकडं भाकरीचं सर्टिफिकेट नाय."

प्रियदर्शिनी आत येऊन टेकली. "मी तुमच्या क्लासबद्दल नव्हते बोलले."

"मग कुणाच्या? नाव तरी सांग त्या क्लासचं."

"सगळीकडे असतात तसले क्लास. पुण्यातपण आहेत."

"मग पुण्यातले पुण्यात सांगायचे. इथं माझ्या माणसांत येऊन, माझ्या पोरीसमोर..." राजश्रीने भाकरी तव्यावर टाकली ती वाकडी पडली. "पोरीनं टाळी वाजवली, बघितलंस ना?"

"तिला कळलं नसेल, ताई."

"कळलं तिला. थोडं उशिरा कळलं."

"मला तुमचं वाईट करायचं असतं, तर पुरानंतर लॅपटॉप आणून दिले असते का?"

बोलून झाल्यावर प्रियदर्शिनीने ओठ चावला, पण आता काय उपयोग? महाडच्या त्या पुरात क्लासचे सगळे कॉम्प्युटर चिखलात गेले, तेव्हा तिच्या कंपनीने बाद केलेले लॅपटॉप तिनेच गाडीत घालून आणले होते. राजश्रीने ते घेतले, त्यावर क्लास पुन्हा उभा केला, आणि घेतल्याचं ओझं अजून काही तिच्या मनावरून उतरलं नव्हतं.

"दिलेस ग बाई. उपकार झाले," ती हळू आवाजात म्हणाली. "आता पोरीला घेऊन चाललीस. क्लास तेवढा माझ्याकडं राहू दे की."

प्रियदर्शिनी पाण्याचा तांब्या भरून बाहेर नेऊन ठेवायला उठली.

जेवणं झाल्यावर सुशांत खाटेवर आडवा झाला. बायकांच्या भांडणाचा वास आला की त्याला झोप येते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. प्रियदर्शिनी घरापुढच्या खळ्यात फणसाच्या सावलीला बसली होती, तिथे अनुष्का लॅपटॉप घेऊन आली.

"काकी, तू म्हणालीस ना, स्वतः काहीतरी बनवा. मी बनवलंय. हसू नको हां."

पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'घाट चालू हाय का?' प्रियदर्शिनीला हसू आलंच. अनुष्काचे वडील विश्वास एसटीवर ड्रायव्हर. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला गाडी नेतात. आजही ड्यूटीवरच होते. पावसाळ्यात दरड आली की घाट बंद, आणि मग ओळखीचा-बिनओळखीचा जो तो त्यांनाच फोन करतो. गाडी चालवू की फोन घेऊ, म्हणून वडील वैतागले, तेव्हा मुलीने इंटरनेटवर हे पान बनवलं. घाटातले जीपवाले आणि एसटीवाले फोनवरून कळवतात, पान हिरवं किंवा लाल होतं. गेल्या पावसाळ्यात पोलादपूरच्या हॉटेलवाल्यांनी त्याचा पत्ता कागदावर छापून गल्ल्याशेजारी चिकटवला होता.

प्रियदर्शिनीतली चुका शोधणारी बाई जागी झाली. "आणि एकाने चालू सांगितलं, दुसऱ्याने बंद?"

"मग पिवळं होतं. दोघांची नावं आणि वेळ दिसते. ज्याला जायचंय त्यानं ठरवायचं."

"कुणी मुद्दाम खोटं कळवलं तर?"

"नंबर आधी पप्पांकडून घेतलेले आहेत. दुसऱ्या कुणाचं चालत नाही."

"रेंज गेली, दिवसभर कुणी काही कळवलंच नाही तर?"

"मग राखाडी. 'माहीत नाय' असं येतं. जुनं हिरवं दाखवून कुणी घाटात अडकायला नको ना."

प्रियदर्शिनी आणखी काही विचारायचं म्हणून शोधत राहिली. तिला काही सापडलं नाही.

"कुणी शिकवलं हे?"

"सुरुवात आईनं करून दिली. मग मीच बघून बघून."

मागच्या पडवीत साहिल, प्रियदर्शिनीचा मुलगा, आबांकडून कोयतीने सुकी मासळी साफ करायला शिकत होता आणि जोरजोरात हसत होता. तोही यंदाच दहावी झाला होता. त्याच्या मार्कांबद्दल घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. त्याला रोबोटिक्सचा क्लास लावला होता, सुट्टीतलं कोडिंगचं शिबिर केलं होतं, वेगळं टेबल, मान दुखणार नाही अशी खुर्ची घेतली होती. त्याने बनवलेल्या गाडीचं चाक निखळलं ते त्याने परत बसवलंच नाही. गाडी कपाटावर पडून होती. आणि इथे ही पोर. कंपनीने भंगारात काढलेल्या लॅपटॉपवर!

प्रियदर्शिनीला पुढची तीन वर्षं दिसली. त्या टेबलाशी अनुष्का बसलेली, सुशांत येता-जाता म्हणतोय, 'साहिल, अनुष्काकडे बघ जरा.' पाहुणे तिलाच विचारतायत. साहिल दार लावून आत बसलाय. तिला वाटला तो हेवा होता, दुसरं काही नाही. सोळा वर्षांच्या पोरीचा हेवा, आणि तोही पोराच्या वतीने.

"छान आहे," ती म्हणाली. मग आवाज उतरवून तिने अनुष्काचा हात हातात घेतला. "पण अनु, सकाळी मी सगळ्यांसाठी म्हणून बोलले. तुला घरचं म्हणून सांगते. आयटीत आता काही राहिलं नाही. एआय सगळं करतं. हे असलं पान ते चुटकीसरशी बनवून देईल. तू आपलं महाडलाच कॉमर्स घे, बँकेच्या परीक्षा दे. आईचा क्लासही आहे."

"पण काकी, तू सकाळी..."

"स्टेजवरून वेगळं बोलावं लागतं, बाळा. आबांना नको सांगू, त्यांना वाईट वाटेल."

अनुष्काने लॅपटॉप मिटला. परक्या माणसाने सांगितलं असतं तर ती भांडली असती. घरचं म्हणून सांगितलेलं तिने मुकाट्याने घेतलं.

राजश्री मागच्या बाजूला भांडी घासत होती. अनुष्का येऊन तिच्याशेजारी उकिडवी बसली.

"आई, मी पुण्याला नाय जात. महाडला कॉमर्स घेते. तुझा क्लासपण बघेन."

हे ऐकायला राजश्रीने निकालापासून कान टवकारून ठेवले होते. तिला इतका आनंद झाला की घासून बाजूला ठेवलेलं पातेलं तिने परत ओढून घेतलं आणि पहिल्यापासून घासायला लागली. "का ग, काय झालं?" असं विचारताना आवाज काळजीचा यावा म्हणून तिला प्रयत्न करावा लागला.

अनुष्काने सगळं सांगितलं.

राजश्रीला लगेच कळलं. कळायला वेळ लागण्यासारखं त्यात काही नव्हतं. जाव ज्या हेव्यातून बोलली, तिथे तिचं स्वतःचंच रोजचं येणंजाणं होतं. तिला जावेचा राग आला. पण रागाच्या आधी जो आनंद झाला होता, तोही अजून गेला नव्हता. मग ती हिशोब करू लागली. दुपारचं खरं मानलं तर पोर घरात राहते. क्लास तिच्या हातात देता येतो. जाव स्टेजवर थापा मारते हे वाडीला कळलं की सुंदराबाईचा नातूही परत येतो. आणि सकाळचं खरं मानलं तर पोर जाते, वर गल्लीतल्या क्लासबद्दल जे म्हटलं तेही खरंच मानावं लागतं. नुसतं गप्प बसून एवढं सगळं मिळत होतं.

तिने पातेलं विसळलं. अनुष्का फोनवर काहीतरी करत होती.

"काय करतेस?"

"पान बंद करतेय. पप्पांना सांग, लोकांनी त्यांनाच फोन करू दे पहिल्यासारखा. एआयनं चुटकीत होतं म्हणजे मी काय केलं मग?"

"थांब," राजश्री म्हणाली. तिचे हात राखेने भरलेले होते, तरी त्याच हातांनी तिने फोन धरला. "बंद नको करू. चहाला सगळी बसतील, तेव्हा काकीला विचार. सगळ्यांसमोर विचार, सकाळचं खरं की दुपारचं."

"आबांना नको कळायला म्हणाली ती."

"म्हणूनच सगळ्यांसमोर."

ऊन कलल्यावर ओट्यावर चहा झाला. सुशांत आणि साहिल गाडीत फणस चढवत होते. अनुष्का कप घेऊन उभी राहिली, आणि तिचा आवाज कापत होता तरी प्रश्न नीट आला.

"काकी, सकाळी तू सांगितलंस ते खरं, की दुपारी सांगितलंस ते?"

"दुपारी काय सांगितलंस?" सुशांतने विचारलं.

प्रियदर्शिनीने राजश्रीकडे बघितलं. राजश्रीने नजर हटवली नाही. मग तिने साहिलकडे बघितलं. त्याच्या शर्टाला फणसाचा चीक लागला होता आणि तो घासून काढायच्या भानगडीत होता.

"सकाळचं," प्रियदर्शिनी म्हणाली.

"मंग दुपारी काय झाला?" आबांनी कप खाली ठेवला. विहारात शुद्ध बोलणारे आबा घरात असेच बोलतात.

"दुपारी मी तिचं काम बघितलं, आबा. आमच्या ऑफिसात कितीतरी जणांना सुचत नाही ते तिला सुचलंय. आणि मला ते बघवलं नाही. मी साहिलला सगळं दिलं, आणि..."

"मम्मा," साहिल म्हणाला, "मला ते कधी हवं होतं?"

तो चिडून बोलला नव्हता. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं, एवढंच. प्रियदर्शिनीचे डोळे भरले. सुशांतला पहिल्यांदाच खाटेवर आडवं होता येत नव्हतं, म्हणून तो फणसच पुन्हा नीट लावायला लागला.

"आणि गल्लीतल्या क्लासचं?" राजश्रीने विचारलं. उत्तर काय येणार ते तिला माहीत होतं.

"ते सकाळचंच आहे, ताई."

राजश्रीला ते लागलं, पार आतपर्यंत लागलं. पण हा प्रश्न तिनेच पोरीच्या तोंडात घातला होता. "मग नुसतं बोलून जाऊ नको," ती शेवटी म्हणाली. "काय शिकवायला पायजे ते बसून सांग मला."

"सांगते."

"झाला तर मंग!" आबांना मिटवामिटवीची घाई होते. "पोर पुन्याला जाईल. ठरल्यापरमानं."

"नाय आबा," अनुष्का म्हणाली. "मी डिप्लोमाच करीन, कॉम्प्युटरचाच. पण रत्नागिरीला. होस्टेलला राहीन. काकीनंच सकाळी सांगितलं तिथं होस्टेल आहे."

"होस्टेल कशाला ग?" राजश्री आणि प्रियदर्शिनी एकदमच बोलल्या. "आम्ही आहोत की!"

"तुम्ही दोघी आहात म्हणूनच," अनुष्का म्हणाली. तिलाही आता रडू आलं होतं. "काकीला माझं काम बघवलं नाय. आणि आई, मी राहते म्हटल्यावर तुला किती बरं वाटलं ते बघितलं मी. घासलेलं पातेलं परत घासायला घेतलंस."

एवढं बोलून ती साहिलच्या मदतीला गाडीकडे गेली. आबा काहीतरी म्हणणार होते. त्यांनी उरलेला चहाच पिऊन टाकला आणि काठी घेऊन विहाराकडे चालू लागले. या घरातलं मूल परक्या ठिकाणी शिकायला राहणार, असं पहिल्यांदाच होत होतं. त्यांना नाही म्हणायचं होतं, पण कुणाच्या घराचं नाव घेऊन म्हणावं ते सुचत नव्हतं.

ओट्यावर दोघी जावा राहिल्या. खाली गाडीजवळ पोरं हसत होती. साहिलच्या हातालाही चीक चिकटला होता आणि अनुष्का त्याला खोबरेल आणून देत होती.

"रत्नागिरीला तिला शिकवील कोण?" राजश्री म्हणाली.

"असेल कुणीतरी मॅडम."

"हुशार आसल."

"असेलच. आणि ही घरी आली की मॅडम असं म्हणतात, मॅडम तसं म्हणतात, चालू होईल."

"पहिल्या रांगेत बसून बघत राहील तिच्याकडं," राजश्री म्हणाली.

दोघींनाही त्या न पाहिलेल्या मॅडमचा एकदमच राग आला. राजश्रीने सरकून जागा केली, आणि प्रियदर्शिनी तिच्याशेजारी येऊन बसली.